लाल रंगातली बाग

मुंबईचे उपग्रहाने टिपलेले चित्र अभ्यासक ज्या रंगांत उघडतात, त्यात झाडे लाल दिसतात. पानातले हरितद्रव्य सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेते आणि पानाची आतली रचना अवरक्त किरण जोरात परतवते. हे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, उपग्रहावरच्या संवेदकाला दिसतात. म्हणून चित्र रंगवताना अवरक्ताला लाल रंग द्यायचा, असा संकेत पडून गेला आहे. त्या चित्रात बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान गडद लाल आहे, ठाण्याच्या खाडीची कड तपकिरी लाल, आणि भायखळ्याची राणीची बाग म्हणजे एवढासा लाल ठिपका. तिथून बोट थोडे उत्तरेला सरकवले की लालबाग येते. तिथे लाल जवळजवळ काही नाही. निळसर करड्या रंगाचा दाट थर आहे आणि त्यातून गेलेल्या रस्त्याच्या आणि रेल्वेच्या रेघा आहेत.

मी त्या करड्या थरातच वाढलो, त्यामुळे त्या चित्राकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही. आमच्या आसपासच्या नावांत झाडेच झाडे आहेत. चिंचपोकळीत चिंच आहे, ताडदेवात ताड, वडाळ्यात वड, गिरगावच्या फणसवाडीत फणस. जमिनीवर पूर्वी काय होते याची नोंद आधी माणसांच्या बोलण्यात राहिली. नकाशे नंतर आले, आणि उपग्रह तर फारच अलीकडे. या अलीकडच्या साक्षीदाराला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली आहेत. जंगल वाढले की घटले, खाडी कुणी बुजवली, गाव कुठवर पसरले, असा कुठलाही वाद निघाला की पहिले बोलावणे त्यालाच जाते. त्याला नेमके काय दिसते आणि काय दिसत नाही, हे म्हणूनच नीट समजून घेतले पाहिजे.

उपग्रहचित्रांच्या शास्त्रात दोन शब्द जोडीने वापरले जातात: भूआच्छादन आणि भूवापर. जमिनीवर काय आहे ते आच्छादन, म्हणजे झाडोरा, पाणी, पीक, उघडी माती, बांधकाम. त्या जमिनीचे माणूस काय करतो तो वापर. उपग्रहाला आच्छादन दिसते. वापर त्यावरून ताडावा लागतो, नाहीतर जागेवर जाऊन विचारावा लागतो. अहवालांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि पुष्कळ गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

अमेरिकेचा लँडसॅट 1 हा उपग्रह 23 जुलै 1972 रोजी सोडला गेला. त्याच्या चित्रातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरच्या सुमारे 80 मीटर बाजूच्या चौकोनाएवढा होता. जवळजवळ दीड एकराचा एकच रंग. 1980च्या दशकातल्या लँडसॅट 4 आणि 5 यांनी हा चौकोन 30 मीटरवर आणला. 30 मीटर ऐकायला बारीक वाटते. पण लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली साधारण 11 चौरस मीटरची असते. एका पिक्सेलच्या 900 चौरस मीटरांत अशा ऐंशी खोल्या बसतात. ऐंशी बिऱ्हाडे, त्यांच्या गॅलऱ्या, चौकातला पिंपळ, नळाभोवतीची गर्दी, या सगळ्याची सरासरी काढून उपग्रह एक आकडा देतो. त्या आकड्यात पिंपळाची पाने असतात, पण पिंपळ दिसत नाही.

भारतात या विद्येची सुरुवात नारळीच्या बागांतून झाली, ही गोष्ट मला फार आवडते. 1970 साली पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळीच्या बागांची छायाचित्रे घेतली. रोगट माड ओळखता येतात का, हे त्यांना पाहायचे होते. पुढे 17 मार्च 1988 रोजी बायकोनूरहून आपला आयआरएस-1ए कक्षेत गेला. त्यानंतर भारतीय उपग्रहांची रांगच लागली. 2005च्या कार्टोसॅट-1पर्यंत अडीच मीटरचा तपशील दिसू लागला. मात्र सामान्य अभ्यासकासाठी दार उघडले ते 2008 साली. त्या वर्षी लँडसॅटचा सगळा जुना साठा फुकट झाला. त्याआधी एका चित्राला सुमारे 600 डॉलर मोजावे लागत. आता पाथ 148, रो 47 हा मुंबईचा पत्ता टाकला की कॉलेजातल्या मुलीलाही आपल्या वस्तीचा चाळीसएक वर्षांचा इतिहास उतरवून घेता येतो. 2015पासून युरोपच्या सेंटिनेल-2ने 10 मीटरचे चित्र देऊन त्यात भर घातली.

देशाच्या जंगलाची मोजणी देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण करते. संस्थेची स्थापना 1981ची, पहिला अहवाल 1987चा. तेव्हा लँडसॅटच्या छापील चित्रांवर डोळ्यांनी पाहून सीमा आखल्या जात आणि 400 हेक्टरपेक्षा लहान तुकडा नोंदलाच जात नसे. लालबाग-परळच्या गिरणगावातल्या सगळ्या गिरण्यांची जमीन एकत्र केली तरी ती सुमारे 600 एकर, म्हणजे 243 हेक्टर भरते. त्या पहिल्या मोजणीच्या जाळ्यातून ती अख्खी निसटली असती. 2001 साली संपूर्ण देशाची मोजणी संगणकावर झाली आणि किमान तुकडा 1 हेक्टरवर आला. त्याबरोबर देशाचे वनाच्छादन दोन वर्षांपूर्वीच्या 6,37,293 चौरस किलोमीटरवरून 6,75,538वर गेले. दोन वर्षांत 38,000 चौरस किलोमीटर जंगल कुठल्याही देशात उगवत नाही. जाळ्याची भोके बारीक झाली, म्हणून लहान मासे सापडू लागले. तरीही हे आकडे एकाखाली एक मांडून त्यांच्यावर चढती रेघ ओढली जाते आणि ती रेघ भाषणांत वापरली जाते. मला हे अप्रामाणिक वाटते, विशेषतः मोजणी करणारी संस्था पद्धतीतला बदल आपल्या अहवालात स्वतःच नोंदवत असताना.

दुसरी अडचण व्याख्येची. 1 हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्रघनता, म्हणजे झाडांच्या शेंड्यांनी झाकलेला भाग, असलेली कुठलीही जमीन या मोजणीत वनाच्छादन ठरते. मालकी कुणाचीही असो, झाड कुठलेही असो. म्हणजे आंब्याची कलमे, काजूच्या बागा, बांबू, सगळे त्यात आले. 2021च्या अहवालात महाराष्ट्राचे वनाच्छादन 50,798 चौरस किलोमीटर आहे, राज्याच्या भूभागाच्या 16.51 टक्के. यातले वाघाला, शेकरूला, मधमाशीला जंगल म्हणून उपयोगी पडणारे किती, हे त्या एका आकड्यातून कळणार नाही. लालबाग-परळमधल्या निम्म्या घरांची मुळे ज्या सिंधुदुर्गात आहेत, तिथल्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात जुनी राने तोडून रबर लावलेले दिसते. वरून पाहिले तर रबराचा मळा दाट हिरवा. खाली उतरल्यावर एकाच जातीच्या, एकाच वयाच्या झाडांच्या रांगा. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी एसटीच्या खिडकीतून जो फरक ओळखतो, तो वीस-तीस मीटरच्या पिक्सेलला सहज ओळखता येत नाही. सोलापूर-पुण्याकडच्या माळरानांचे दुःख याच्या उलट आहे. गवत हे झाड नव्हे, त्यामुळे माळढोकाचे घर वर्षानुवर्षे ‘पडीक’ या खान्यात पडत आले. तिथे झाडे लावली की कागदावर वाढ दिसते आणि माळ नाहीसा होतो.

आणि तरीही, या साक्षीदाराने मुंबईवर एक मोठा उपकार केला आहे. तो आहे खाडीच्या कडेला.

लालबागहून शिवडीची खाडी चालत जाण्याइतकी जवळ. तिथल्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्या पाठीमागे तिवरांची गर्द रांग असते. तिवर, खारफुटी, कांदळवन, नावे काहीही घ्या. शहराच्या लेखी ही जागा पिढ्यानपिढ्या कचरा आणि भराव टाकायची होती. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि पाणी मुरायला, पसरायला लागणाऱ्या जागा आपण काय करून बसलो आहोत, हे सगळ्यांना एका रात्रीत कळले. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपची कांदळवनांविषयीची याचिका त्याआधीपासून उच्च न्यायालयात होती. 6 ऑक्टोबर 2005 रोजी न्यायालयाने राज्यभर कांदळवने तोडण्यास मनाई केली, त्यांच्याभोवती 50 मीटरपर्यंत बांधकाम रोखले आणि उपग्रहचित्रांवरून त्यांचे नकाशे करायला सांगितले. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने हे काम केले.

यात नवे काय होते? तोपर्यंत खाडीकाठचा वाद म्हणजे एकाने म्हणायचे इथे तिवर होते, दुसऱ्याने म्हणायचे कधीच नव्हते. तोडून भराव टाकला की पुरावा भरावाखाली जाई. आता चित्रावर तारीख आली. नकाशा सर्व्हे नंबरांशी जोडला की वाद कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. सरकारी जमिनीवरची कांदळवने संरक्षित वने म्हणून जाहीर होत गेली, 2012 साली वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला आणि 17 सप्टेंबर 2018च्या अंतिम निकालाने हे संरक्षण पक्के केले. राज्याचे कांदळवन क्षेत्र वन सर्वेक्षणाच्या 2015च्या अहवालात 222 चौरस किलोमीटर होते, 2017च्या अहवालात 304 आणि 2021च्या अहवालात 324. यातल्या पहिल्या उडीकडे मी सावधपणेच पाहीन. 82 चौरस किलोमीटर तिवर दोन वर्षांत नव्याने फुटले, हे मला पटत नाही. पण तिवरांना तग धरायला जागा मिळाली, हे शिवडीला, ऐरोलीला उभे राहून कुणालाही दिसते.

आरेमध्ये याच साक्षीदाराची साक्ष वेगळ्या कारणाने अपुरी ठरली. 1949 साली दूध वसाहत म्हणून वसवलेली ही जमीन चित्रात शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाला सलग चिकटलेली लाल दिसते. पण कायद्याच्या लेखी वन म्हणजे काय, हा प्रश्न पानांच्या घनतेने सुटत नाही. तो अधिसूचनेने आणि अभिलेखाने सुटतो. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने तिथल्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्या रात्रीपासून मेट्रोच्या कारशेडसाठी तोड सुरू झाली आणि 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवेपर्यंत 2,141 झाडे पडली होती. नंतरच्या चित्रांत तो उघडा तुकडा स्पष्ट आहे. उपग्रहाने झाड असल्याचेही सांगितले होते आणि नसल्याचेही सांगितले. मधल्या तीन रात्री मात्र माणसांच्या होत्या. पुढे आरेतल्या 812 एकरांना राखीव वनाचा दर्जा देण्याचे ठरले. आच्छादन तेच होते. कागद बदलला आणि त्यासाठी लोकांना रस्त्यावर यावे लागले.

आता गिरण्यांकडे येतो, कारण माझ्या मते या विद्येची खरी परीक्षा तिथे होते.

कांदळवनांच्या आदेशानंतर अकराच दिवसांनी, 17 ऑक्टोबर 2005 रोजी, त्याच उच्च न्यायालयाने त्याच बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या दुसऱ्या याचिकेवर निकाल दिला. विषय होता गिरण्यांच्या जमिनींचा. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58व्या नियमाने गिरणीच्या जमिनीची वाटणी ठरवली होती: एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001च्या दुरुस्तीने ही वाटणी सगळ्या जमिनीला लागू न ठेवता गिरणीत आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती केली. गिरणीच्या आवारात शेड भिंतीला भिंत लागून असतात. मोकळी जागा ती किती? उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती याचिकाकर्त्यांच्या बाजूने वाचली. 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

तिवरांच्या बाबतीत चित्राने बाजू राखली. गिरण्यांच्या बाबतीत सगळा प्रश्न ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या अर्थाचा होता आणि त्यावर कुठलेही चित्र काही बोलू शकत नव्हते. छपराखालची जमीन बांधीव हे उपग्रहाने खरेच सांगितले असते. त्या छपराखालचे माग 18 जानेवारी 1982च्या संपानंतर बंद पडत गेले, अडीच लाख कामगारांच्या घरांची चूल त्यांवर पेटत होती, आणि म्हणून शहराचा त्या जमिनीवर हक्क होता, हे चित्रात कुठून येणार?

गिरणगावाची चित्रे वर्षवार लावून पाहावीत. 1980च्या दशकात करवतीच्या दात्यांसारख्या छपरांचे लांबट करडे पट्टे दिसतात. पुढे काही आवारांत हलकी लाली चढते. ती बाग नव्हे. बंद गिरणीच्या भिंतीतून उगवलेले पिंपळ, पन्हळीतले उंबर, अंगणात माजलेले रान. वनस्पती निर्देशांक, म्हणजे अवरक्त आणि लाल प्रकाशाच्या फरकातून काढलेला आकडा, तिथे वाढतो. कुणी नुसता आकडा वाचला तर म्हणेल की परिसर हिरवा होतो आहे. ज्याच्या घरातला माणूस त्या फाटकातून शेवटचा बाहेर पडला, त्याला त्या हिरवाईचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 2005-06नंतर छपरे नाहीशी होतात, उघड्या मातीचे पांढुरके चौकोन येतात आणि काही वर्षांत तिथे पुन्हा करडा रंग भरतो.

आणि इथेच वर्गीकरण गप्प बसते. 1985: बांधीव. 2020: बांधीव. बदल: शून्य. दोन-तीन मजल्यांची गिरणी जाऊन पन्नास-साठ मजल्यांचा टॉवर आला, कापसाच्या जागी कचेऱ्या आल्या, पाळीच्या भोंग्याच्या जागी वाहनतळाची शिट्टी आली, तरी आच्छादनाच्या तक्त्यात रकाना तोच राहिला. मुंबईतले गेल्या अर्धशतकातले सर्वांत मोठे भूवापर-परिवर्तन भूवापराच्या ठोकळ नकाशावर दिसत नाही. उलट टॉवरच्या पोडियमवर, गाड्यांच्या मजल्यांच्या डोक्यावर, जी हिरवळ अंथरली जाते ती निर्देशांकात भर घालते. ती हिरवळ खरी आहे. पण तिच्याखाली माती वीतभर, आणि तिच्यावर पाय ठेवायला रखवालदाराची परवानगी लागते. 1991च्या नियमाने वचन दिलेली मोकळी जागा आणि ही हिरवळ, दोघींचा पिक्सेल एकाच रंगाचा.

2021च्या वन अहवालाने महानगरांचेही वनाच्छादन मोजले. मुंबईचे 110.77 चौरस किलोमीटर निघाले, शहराच्या क्षेत्राच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आणि 2011पेक्षा जास्त. हा आकडा मोठा दिसतो तो बोरिवलीचे उद्यान, आरे आणि तिवरांमुळे. काळाचौकीच्या माणसाला त्यातले किती मिळते? शहराची सरासरी त्याच्या गल्लीत सावली देत नाही. आकडे वॉर्डवार आणि गल्लीवार जाहीर व्हावेत, आणि त्यात सार्वजनिक व खासगी हिरवाई वेगळी दाखवावी, असे मला मनापासून वाटते. 10 मीटरच्या चित्रात हे करण्याजोगा तपशील आहे. मालकीची माहिती महापालिकेच्या दप्तरात आहे. दोन्ही एकमेकांवर ठेवण्याचे काम तेवढे उरले आहे.

चुकांविषयीही थोडे सांगायला हवे, कारण त्या पुन्हापुन्हा त्याच होतात. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीवर ढग असतात, म्हणजे जंगल सर्वांत भरात असते तेव्हाच चित्र मिळत नाही. मार्चमध्ये आकाश स्वच्छ असते, पण साग आणि त्याचे पानझडी सोबती उघडे पडलेले असतात. नोव्हेंबरचे चित्र मार्चच्या चित्राशी ताडले की नुसत्या पानगळीतून जंगलतोड दिसू लागते. म्हणून वन सर्वेक्षण बहुतेक चित्रे ऑक्टोबर ते डिसेंबरमधली घेते. दुसरी चूक गणिताची. प्रत्येकी नव्वद टक्के अचूक असलेले दोन वर्षांचे दोन नकाशे एकमेकांतून वजा केले, तर दोन्हीकडे बरोबर असण्याची शक्यता एक्क्याऐंशी टक्के उरते. ज्या जिल्ह्यात खरा बदल दोन टक्के आहे, तिथे अशी वजाबाकी काहीच सिद्ध करत नाही. बदल म्हणून दाखवलेल्या प्रत्येक शंभर ठिकाणांपैकी निदान काही ठिकाणी कुणीतरी जाऊन पाहिले का, हा प्रश्न कुठलाही अहवाल हातात घेताना आधी विचारावा.

ढगांवरचा उपाय रडार आहे. त्याच्या लहरी ढगांतून पार होतात, रात्रीही चालतात. भारत आणि अमेरिकेचा निसार उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या लांब लहरी पानांच्या छताखाली उतरून फांद्याबुंध्यांचा अंदाज घेऊ शकतात. रबर आणि रान यांतला भेद करायला याचा उपयोग व्हावा. ब्राझीलने 2004पासून ॲमेझॉनसाठी अशी यंत्रणा चालवली आहे की जंगलतोड चालू असतानाच इशारा जातो. वर्षअखेरीच्या अहवालापेक्षा हे मोलाचे, कारण पडलेले झाड अहवालाने उभे राहत नाही. आपल्याकडे तोडीची बातमी आजही बहुधा शेजारच्या पाड्यावरच्या किंवा इमारतीतल्या माणसाच्या फोनवरून येते. तो माणूस आणि ते चित्र यांची गाठ लवकर पडायला हवी.

शहरात मात्र रडारनेही एक कोडे सुटत नाही, आणि ते आमच्या परिसरातलेच आहे. लँडसॅटसारखे उपग्रह सूर्यवेळेनुसार सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास मुंबईवरून जातात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि टॉवरांच्या लांब सावल्या वायव्येकडे पडतात. संगणकाला सावली आणि पाणी दोन्ही काळेच दिसतात, त्यामुळे वर्गीकरणात परळ-लालबागमध्ये कधीच नसलेली तळी उगवतात. ती खोडून काढण्याचा नियम सोपा आहे: उंच इमारतीच्या वायव्येला असलेला काळा ठिपका म्हणजे सावली. पण काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक 2-3च्या आवारात खरोखरचे तळे आहे. गिरणी थांबून किती काळ झाला, तरी ते आहे, आणि तिथे आता वस्त्रोद्योगाचे संग्रहालय व्हायचे आहे. तो नियम अंदाजाने लावत गेले, तर सावल्यांबरोबर हे तळेही पुसले जाईल. ते नकाशावर राहावे असे ज्याला वाटते, त्याने काळाचौकीच्या फाटकाशी जाऊन रखवालदाराला विचारावे, आत शिरून पाण्याच्या काठावर उभे राहावे आणि अक्षांश-रेखांश टिपून आणावेत.